तीन तुकड्यांचे एकच चित्र

पावसाळ्यात ओवे परिसरातले दम्याचे रुग्ण वाढले की मी त्यांच्या घरातल्या भिंतींची चौकशी करतो. ओल कुठे येते, कपाट भिंतीला टेकलेले आहे का, वगैरे. गेल्या वर्षी एका गृहस्थांनी उत्तरादाखल मोबाइलवर फोटोच दाखवला. दिवाणखान्याच्या बाहेरच्या भिंतीवर शेजारी शेजारी तीन कॅनव्हास, मिळून एक चित्र, आणि उजव्या टोकाला करडी बुरशी. ‘‘डॉक्टर, ओल्या फडक्याने पुसू का?’’ पुढचा प्रश्न अधिक गंभीर होता. तिघा भावांची वाटणी व्हायची होती. प्रत्येकाला एकेक कॅनव्हास द्यायचा बेत होता.

दोन्हीला मी नाही म्हटले.

ठाण्यात अनेक वर्षे रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम केलेले आमचे व्यवसायबंधू सुधीर पटवर्धन यांचे ‘मुंबई प्रोव्हर्ब्ज’ (२०१४) हे चित्र सात फलकांचे आहे. अशा चित्रात एका फलकावरून दुसऱ्याकडे जातानाच अर्थ लागतो. छातीचा एक्स-रे समोरून आणि बाजूने काढतात. एक फिल्म हरवली तर निदान अर्धे राहते, तसेच हे. तय्यब मेहता यांचे ‘सेलिब्रेशन’ २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३,१७,५०० डॉलरला गेले. भारतीय चित्रासाठी तो तेव्हाचा विक्रम मानला गेला. ती किंमत तिन्ही फलकांची मिळून होती.

म्हणून किंमत करण्याआधी केसपेपर तयार करा. प्रत्येक फलकाचा पुढून-मागून फोटो, क्रम, सही, खरेदीची पावती, प्रदर्शनाची पुस्तिका. आणि किंमत सांगणाराच विकत घ्यायला उत्सुक असेल, तर दुसरे मत घ्या. (आमच्या धंद्यातही हा नियम लागू आहे.)

आता बुरशी. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळली की ती वाढते. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक ते सांगतो. ॲक्रिलिकचा थर पाण्याने फुगतो आणि उष्म्यात मऊ होऊन धूळ धरतो, म्हणून ओले फडके नको आणि प्लॅस्टिकची गुंडाळीही नको. एन-९५ मास्क लावून चित्र अलगद उतरवा, कोरड्या, हवेशीर खोलीत ठेवा, उन्हात नको. दमेकऱ्याने तर हात लावूच नये. पुढची सफाई प्रशिक्षित संवर्धकाची; मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कलासंवर्धन केंद्र आहे. नंतर सगळे फलक एकाच खोलीत, आतल्या भिंतीवर, मागे बोटभर फट ठेवून लावावेत. एकावर ऊन आणि दोन सावलीत राहिले तर रंग वेगवेगळ्या गतीने उडतात. तो फरक पुन्हा भरून निघत नाही.

गृहस्थांचा दमा आटोक्यात आहे. चित्र सध्या आईच्या खोलीत आहे. वाटणीच्या कागदावर ते एकच वस्तू म्हणून लिहायला दोन भाऊ तयार आहेत. तिसऱ्याचे अजून ठरत नाही.