खोटे पत्र, खरी शिक्षा

मुसलमानांना बदनाम करण्यासाठी रचलेले बनावट पत्र बहुधा मुसलमानाच्याच तोंडी घातलेले असते. विरोधकाने केलेला आरोप लोक पारखून घेतात. स्वतःहून दिलेली कबुली कोणी पारखत नाही. म्हणून कबुलीच तयार केली जाते.

ऑस्ट्रेलियात २४ नोव्हेंबर २००७ च्या निवडणुकीला चार दिवस उरले असताना सिडनीच्या पश्चिमेकडील लिंडसे मतदारसंघात रात्री घरोघर एक पत्रक टाकले गेले. ‘इस्लामिक ऑस्ट्रेलिया फेडरेशन’ ही अस्तित्वातच नसलेली संस्था त्यात मजूर पक्षाचे आभार मानत होती; कारण काय, तर बाली बॉम्बस्फोटातील गुन्हेगारांना माफी देण्यास त्या पक्षाचा पाठिंबा आहे! २००२ च्या त्या स्फोटांत २०२ माणसे मेली होती, त्यांत ८८ ऑस्ट्रेलियन. पत्रक रचणाऱ्यांना ‘अल्लाहु अकबर’ही धड लिहिता आले नव्हते. वाटणारे लिबरल पक्षाचे निघाले आणि रंगेहाथ सापडले. मतदानाआधीच बिंग फुटले.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये तसे झाले नाही. तिथल्या महापालिकेकडे नोव्हेंबर २०१३ मध्ये एक निनावी पत्र पोहोचले आणि मार्च २०१४ मध्ये ते वृत्तपत्रांत झळकले. त्याला आगापिछा नव्हता, सही नव्हती, तारीख नव्हती. शाळा ताब्यात घेऊन त्यांना इस्लामी वळण लावण्याचा ‘ट्रोजन हॉर्स’ नावाचा बेत त्यात एक मुसलमान दुसऱ्याला समजावून सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वीच्या एका बडतर्फीचे श्रेयही तो ताज्या कामगिरीसारखे घेतो. पत्र बनावट असल्याचे तेव्हापासूनच सर्वत्र मानले जाते.

असे पत्र हाती पडल्यावर ते लिहिले कोणी, हा पहिला प्रश्न. सरकारने तोच बाजूला सारला. शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी चौकशी सोपवली पीटर क्लार्क यांच्याकडे, म्हणजे स्कॉटलंड यार्डच्या दहशतवादविरोधी विभागाच्या माजी प्रमुखांकडे. या नेमणुकीनेच लोकांच्या मनात अर्धा निकाल लावून टाकला. २१ शाळांची तपासणी झाली. २०१२ मध्ये ‘उत्कृष्ट’ ठरलेली पार्क व्ह्यू शाळा दोन वर्षांत सर्वांत खालच्या श्रेणीत गेली. काही शाळांत नियामक मंडळांची ढवळाढवळ आणि असहिष्णू वागणूक आढळली; तिची दखल घेणे योग्यच होते. पण अतिरेकी विचार पसरवल्याचा पुरावा एका घटनेखेरीज कुठेच मिळाला नाही, असे संसदेच्या शिक्षण समितीने मार्च २०१५ मध्ये नोंदवले. देशभर गाजलेल्या कटाचाही पुरावा समितीला सापडला नाही.

तरीही शिक्षकांवरची कारवाई थांबली नाही. पाच ज्येष्ठ शिक्षकांविरुद्धचे प्रकरण मे २०१७ मध्ये कोसळले, कारण सरकारी बाजूने महत्त्वाचा पुरावा बचाव पक्षाला दिलाच नव्हता. तोवर त्यांची तीन वर्षे गेली होती. दरम्यान २०१५ च्या कायद्याने विद्यार्थी दहशतवादाकडे ओढले जात नाहीत ना, यावर नजर ठेवणे हे शाळांचे कर्तव्य ठरले.

पत्र कोणी लिहिले, हे कोणत्याही सरकारी चौकशीने आजवर सांगितलेले नाही.