पात्राचा धनी कोण?

दूरचित्रवाणी मालिकेतील एखादा नट आपल्या तोंडी घातलेले वाक्य उच्चारावयास नकार देतो, तेव्हा वृत्तपत्रांच्या मनोरंजन पुरवण्यांत त्याची बातमी एका ठरावीक साच्यात छापली जाते. सेटवर वादावादी, चित्रीकरण खोळंबले, नटाच्या डोक्यात हवा गेली, इत्यादी. वाहिनीतील कुणा अनामिक ‘सूत्रा’चे मत त्यात असते, निर्मात्याच्या नुकसानीचा आकडा असतो, फक्त नटाने नाकारलेले वाक्य कोणते होते आणि ते का नाकारले, एवढे मात्र त्या बातमीत सहसा नसते. खरे तर बातमी तेवढीच असते.

या साच्यामागे एक गृहीतक दडलेले आहे. पात्र वाहिनीच्या मालकीचे, लेखक त्याला कागदावर उतरविणारा कारकून आणि नट म्हणजे रोजंदारीवर आणलेला देह! आपल्या परंपरेला हे गृहीतक कधीच मान्य नव्हते. भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. त्यांपैकी वाचिकासाठी लागणारे शब्द लेखक पुरवू शकतो, आहार्याची वस्त्रे-भूषणे निर्माता पुरवू शकतो. आंगिक आणि सात्त्विक या दोन गोष्टी मात्र कुणालाही बाहेरून आणून देता येत नाहीत. त्या नटापाशीच असाव्या लागतात. म्हणजे पात्राचा निम्मा भाग मुळातच नटाचा आहे. मराठी रंगभूमीने हे तत्त्व तालमीत सांभाळले. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके प्रयोगागणिक ताज्या घडामोडींवरील कोट्या पेरीत, म्हणून कुणी त्यांना बेशिस्त ठरविले नाही. वगनाट्याच्या सोंगाड्याकडून तीच अपेक्षा होती.

दैनंदिन मालिकेत तालीम नाही. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे आणि या तिघांवर वाहिनीतील ‘क्रिएटिव्ह’ मंडळींचा पहारा. गुरुवारी लोकप्रियतेचे आकडे आले की शुक्रवारी कथानकाची दिशा फिरते. सकाळी रंगभूषा चालू असताना प्रवेशाची पाने हाती पडतात, दुपारी तो प्रवेश चित्रित होतो आणि काही दिवसांत तो घरोघरी पोहोचतो. संवादलेखक बदलतो, दिग्दर्शक बदलतो, वाहिनीतील अधिकारी तर वर्षभरात दुसऱ्या वाहिनीत जातो. पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत त्या पात्रासोबत कुणी असेल, तर तो नट. दोनशेव्या भागात आपल्या पात्राने थोरल्या जावेला काय वचन दिले होते, हे नवशतकी भागाच्या लेखकाला ठाऊक नसते. नटाला ते पाठ असते. तो हटकतो, तेव्हा पात्राची स्मृतीच त्याच्या मुखाने बोलत असते. आणि नेमक्या त्याच क्षणी त्याला ‘नखरेबाज’ ठरविले जाते!

या प्रश्नाची उभी-आडवी चिकित्सा करावयाची तर एक उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे, आणि ते अमेरिकेतील आहे. ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि तीन पर्वांनंतर, ७९ भाग करून १९६९ मध्ये बंद पडली. तीत स्पॉक नावाचे एक पात्र होते: पिता परग्रहावरचा, माता पृथ्वीवरची, भावनेवर बुद्धीचा अंकुश ठेवणारे. जीन रॉडेनबेरी याने ते कल्पिले, लिओनार्ड निमॉय या नटाने ते साकारले. आज जगभर स्पॉकच्या म्हणून ज्या खुणा ओळखल्या जातात, त्यांतील प्रमुख खुणा मात्र संहितेत नव्हत्या.

पहिल्या पर्वातील एका भागात स्पॉकने शस्त्राच्या दस्त्याने प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यात प्रहार करावा, असे लिहिलेले होते. निमॉयने हरकत घेतली. शतकानुशतके विवेकाची उपासना केलेल्या संस्कृतीतला हा पुरुष गावगुंडासारखा डोक्यात दस्ता कसा हाणील? त्याने पर्याय सुचविला, मान आणि खांदा यांच्या सांध्यावर बोटांची एक चिमटी, की समोरचा निमूटपणे कोसळेल. सहनट विल्यम शॅटनरने कोसळण्याचा अभिनय तितक्याच खुबीने केला आणि ती चिमटी अजरामर झाली.

दुसरी खूण याहून महत्त्वाची. १९६७ च्या सप्टेंबरात दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग प्रक्षेपित झाला. स्पॉक प्रथमच आपल्या मातृग्रहावर जातो, असा तो प्रसंग. थिओडोर स्टर्जनसारखा मान्यवर लेखक, संहिता उत्तम. पण एक जुनी, मानी संस्कृती दाखवावयाची तर तिला अभिवादनाची स्वतःची रीत हवी, असे निमॉयला वाटले. तो बॉस्टनमधील ज्यू कुटुंबातला, आई-वडील युक्रेनमधून आलेले स्थलांतरित, वडिलांचा केशकर्तनाचा व्यवसाय. लहानपणी प्रार्थनामंदिरात पुरोहित आशीर्वाद देताना डोळे मिटावयाचे असतात, असे त्याला बजावले होते. त्याने ते किलकिले करून पाहिलेच! पुरोहितांनी हातांची बोटे जोडीजोडीने विलग करून हिब्रू लिपीतील ‘शिन’ या अक्षराची आकृती केली होती. ईश्वराच्या एका नामाचे ते आद्याक्षर. तीच मुद्रा त्याने एका हाताने केली आणि परग्रहावरील अभिवादन जन्माला आले.

येथे थोडे थांबले पाहिजे. हॉलिवूडमधील कोणत्याही लेखकवर्गाच्या बैठकीत ही मुद्रा सुचली नसती. पित्यापासून पुत्राकडे आलेला आणि बालपणी डोळ्यांच्या कडेने पाहिलेला तो एक संस्कार होता. मुळाशी घट्ट असलेल्या नटापाशी असे भांडार असते. आपल्याकडच्या नटांपाशी तर ते किती विपुल आहे! कीर्तनातील बुवांचे उभे राहणे, आजीचे देवघरातील हात जोडणे, वारीतला पायांचा ठेका. ते वापरण्याची मुभा कोण देतो? सासू-सुनांच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा आदळवला की काम भागते.

‘स्टार ट्रेक’च्या तिसऱ्या पर्वात निर्मितीखर्चाला कात्री लागली, प्रक्षेपण शुक्रवारी रात्री दहा वाजता, म्हणजे प्रेक्षक घराबाहेर असण्याच्या वेळी ढकलले गेले, फ्रेड फ्रायबर्गर हा नवा निर्माता आला आणि संहितांचा दर्जा घसरला. निमॉयने मुलाखती देऊन कांगावा केला नाही. त्याने निर्मात्याला आणि स्टुडिओतील वरिष्ठांना पत्रे लिहिली. एका भागात रूप पालटणारा वेडा शत्रू कॅप्टन कर्कचा अवतार धारण करतो आणि दोन कर्कांसमोर स्पॉक शस्त्र हाती धरून गोंधळलेला उभा राहतो. ज्याची सारी प्रतिष्ठा बुद्धीवर उभी आहे, त्याला खरा सहकारी कोणता हे एका प्रश्नात ओळखता येऊ नये? निमॉयचा आक्षेप हाच होता. संवाद कमी आहेत, असे त्याचे म्हणणे नव्हते. पात्र मूर्ख ठरते आहे, असे होते.

त्याच पर्वात एक पदक आले. विविधतेचे तत्त्वज्ञान सांगणारे एक आभूषण स्पॉकने मिरवावे आणि त्यावर भाषण द्यावे, असा प्रवेश खुद्द रॉडेनबेरीने घातला. कारण? तशीच पदके टपालाने विकण्याचा त्याचा जोडधंदा होता. निमॉय आणि शॅटनर, ज्यांचे आपसांत फारसे जमत नसे, ते दोघेही या प्रवेशाविरुद्ध उभे राहिले. प्रवेश पुन्हा लिहावा लागला. पदक मात्र राहिलेच. म्हणजे पात्राचा जनक ते विक्रीस काढतो आणि पोटासाठी काम करणारे नट त्याला अडवितात! पात्राचा धनी कोण, याचा निवाडा यानंतर वेगळा करावा लागू नये.

यावर आक्षेप ठरलेला आहे. नट संहितेत हात घालू लागले तर प्रत्येक जण स्वतःचे संवाद वाढवील, दुसऱ्याचे छाटील. आक्षेप खोटा नाही. निमॉय स्वतःही काही विरक्त नव्हता. पहिल्या पर्वानंतर त्याने मानधनवाढीसाठी ताणून धरले आणि स्टुडिओने त्याच्या जागी घेण्याजोग्या नटांची यादीही तयार ठेवली होती. परंतु मानधनाचे भांडण आणि संहितेचे भांडण यांतील भेद कुणाही जाणत्या दिग्दर्शकाला पाच मिनिटांत कळतो. नट स्वतःसाठी मागतो आहे की पात्रासाठी, एवढेच पाहावयाचे असते. निमॉयने चिमटी मागितली, संवाद मागितले नाहीत; त्या प्रसंगात तर तो एक शब्दही बोलत नाही.

भारतातील अनुभव यापेक्षा निराळा नाही. १९९१ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या ‘चाणक्य’ मालिकेचे लेखन, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका हे तिन्ही चंद्रप्रकाश द्विवेदी यांनी पेलले. म्हणून त्यातील चाणक्य सत्तेचाळीस भागांत कोठेही स्वतःशी बेइमान होत नाही. मराठीत ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली. मालिका ज्या ‘अनुदिनी’वर आधारलेली, तिचे लेखक दिलीप प्रभावळकर, आबा टिपरे साकारणारेही तेच. मध्यमवर्गीय घरातले आजोबा लिहिताही येतात आणि वठवताही येतात, याचा तो वस्तुपाठ. मालिका २००५ मध्ये संपली, ती लोकांना हवीहवीशी असतानाच संपली.

याउलट ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ पाहा. ३ जुलै २००० ते ६ नोव्हेंबर २००८, १८३३ भाग. अमर उपाध्याय याने रंगविलेला मिहिर विराणी कथेत मारला गेला, प्रेक्षकांनी आकांत मांडला, आणि मृत मिहिर जिवंत होऊन परतला. पुढे तो नट गेला, इंदर कुमार आला, नंतर रोनित रॉय. चेहरे बदलले, मंगळसूत्र तेच. २००७ मध्ये स्मृती इराणी बाहेर पडल्या तेव्हा गौतमी कपूर यांना तुलसी म्हणून उभे केले गेले. दिवा गेला की दुसरा लावावा, तसे. आणि २००८ मध्ये मालिका आटोपती घेण्याआधी इराणींनाच परत बोलवावे लागले! एवढेच नव्हे, तर २०२५ च्या जुलैमध्ये हीच मालिका नव्याने सुरू झाली तेव्हाही तुलसी म्हणून वाहिनीला दुसरे नाव सुचले नाही. पात्र वाहिनीचे होते, तर मग ते वाहिनीपाशी का उरले नव्हते?

संवादलेखकाला यात खलनायक ठरविण्याचे कारण नाही. तोही रात्री दोन वाजता बदललेला प्रवेश पहाटे लिहून देणारा, त्याच चाबकाखालचा माणूस आहे. लेखक आणि नट एकमेकांवर चिडतात. ज्याने दोघांना एकत्र बसू दिले नाही, तो वातानुकूलित खोलीत आकडे पाहत असतो.

२००८ च्या नोव्हेंबरात मुंबईतील चित्रपट आणि मालिका कामगारांनी काम थांबविले. नव्या भागांचा पुरवठा आटला आणि वाहिन्यांना जुने भाग दाखवून वेळ भरावी लागली. ते भांडण वेतनाचे आणि कामाच्या तासांचे होते, आणि ते न्याय्यही होते. संहितेचा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी नव्हता. कलाकारांच्या संघटना पुढच्या वेळी वाटाघाटीस बसतील तेव्हा त्यांनी एक कलम जादा मांडावे: प्रवेशाची पाने चित्रीकरणाच्या किमान अठ्ठेचाळीस तास आधी नटाच्या हाती पडावीत, आणि पात्राच्या पूर्ववृत्ताशी विसंगत असलेल्या मजकुरावर त्याने लेखी हरकत घेतल्यास लेखकाने त्याच्याशी प्रत्यक्ष बसून बोलावे. यात कुणाचा एक पैसाही जात नाही. फक्त गुरुवारी आलेल्या आकड्यांवर शुक्रवारी कथा फिरविता येणार नाही, सोमवारपर्यंत थांबावे लागेल.