पुस्तक विद्यापीठाचे, मग सिनेमा टेलिग्रामचा का?

2021 चा 'जय भीम' थिएटरात आलाच नाही. थेट ॲमेझॉन प्राइमवर आला. म्हणजे ज्याच्याकडे वर्गणीचे पैसे नाहीत, त्याच्यासाठी तो आलाच नाही. मग जळगाव-धुळ्याच्या खोल्यांत राहून शिकणारी आपली पोरं तो कुठे पाहतात? टेलिग्रामवर. आम्हीही तेच केले आहे, खोटे कशाला बोलायचे?

पण शिष्यवृत्तीची वाट पाहत मेसचे पैसे उधार ठेवणाऱ्याला 'चोर' म्हणण्याआधी एक प्रश्न विचारू. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 मध्ये 6 महिने ते 3 वर्षे कैद आहे. शिक्षेची सोय झाली. कायदेशीरपणे पाहण्याची सोय कुणी करायची?

आमचे म्हणणे स्पष्ट आहे: कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने. ग्रंथालय पुस्तके घेते, तशीच गाणी आणि सिनेमेही घ्यावेत. अशक्य आहे का? 2024 च्या नोव्हेंबरात केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केले. 3 वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, सुमारे 13,000 नियतकालिके. संशोधनासाठी सामूहिक वर्गणी चालते, मग कलेसाठी का नाही?

अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाने 2003 मध्येच नॅपस्टरशी करार करून विद्यार्थ्यांना कायदेशीर संगीत दिले. मात्र पैसे विद्यार्थ्यांच्याच आयटी शुल्कातून गेले. ती चूक इथे नको. फीमध्ये एक रुपयाही वाढता कामा नये.

दुसरी अट यादीची. नुसता बॉलिवूडचा मसाला देऊन आमची बोळवण करू नका. 'फँड्री', 'कोर्ट', जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', भीमगीते, अहिराणी गाणी त्यात हवीत. आणि आमच्या गायक-शाहिरांना त्यांचा मोबदला मिळालाच पाहिजे. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला आहे. वामनदादांचा वारसा सांगायचा आणि आजच्या भीमगीतकाराचे गाणे फुकटात उतरवायचे, ही आपल्याच घरातली चोरी आहे.

करार होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. कलम 52 नुसार महाविद्यालयाला आपल्या विद्यार्थी-शिक्षकांपुरता सिनेमा दाखवता येतो. कायदेशीर प्रत घ्या, सभागृह मागा, दर महिन्याला एक सिनेमा दाखवा आणि त्यावर चर्चा करा. प्राचार्यांना अर्ज याच आठवड्यात गेला पाहिजे.

'शिका' यात पाहणे आणि ऐकणेही येते. तो आमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

जय भीम!