मुलांचं स्वप्न गोडच का हवं?

नाताळची रात्र. खेळण्यांनी भरलेल्या खोलीत एक लहान मूल उभं आहे आणि धुराड्यातून सांताक्लॉज खाली उतरतो आहे. मूल खुलतं. मग त्याच धुराड्यातून दुसरा सांता उतरतो, तिसरा उतरतो, बघता बघता खोली सांतांनी गच्च भरते. सगळं वाकडंतिकडं होऊ लागतं आणि मुलाच्या हसऱ्या चेहऱ्यावर रडू फुटतं. किंचाळत जागा होतो तो मात्र क्रांक नावाचा एक म्हातारा. कारण ते स्वप्न त्याचं नाहीच, त्यानं ते एका मुलाकडून चोरलेलं आहे.

‘द सिटी ऑफ लॉस्ट चिल्ड्रन’ या फ्रेंच चित्रपटाची ही सुरुवात. जाँ-पिएर ज्यने आणि मार्क कारो या जोडीनं दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटानं १९९५ च्या कान महोत्सवाचा पडदा उघडला. तेव्हापासून आजवर त्याच्याबद्दल प्रेक्षकांचं एकमत झालेलं नाही. काहींच्या लेखी ती अद्भुताची खाण आहे. काहींना तो डोळे दिपवणारा पण आतून पोकळ वाटतो. आणि बालपणाच्या स्वप्नांवर बेतलेला चित्रपट इतका काळाकुट्ट असावाच का, असा तिसऱ्या गटाचा सवाल आहे. तीन दशकं चाललेल्या या वादातलं पहिलं मत रास्त आहे, दुसरं अर्धवट आहे आणि तिसऱ्या सवालाचं उत्तर तर खुद्द चित्रपटातच दिलेलं आहे.

चित्रपटाचं दृश्यवैभव नाकारणारा प्रेक्षक विरळाच. स्टुडिओत उभारलेलं ते बंदर, हिरवट-तांबूस उजेडात भिजलेल्या गल्ल्या आणि सूर्य कधी उगवतच नसावा असं शहर. जाँ राबास यांना या कलादिग्दर्शनासाठी फ्रान्सचा सेझार पुरस्कार मिळाला. छायालेखन दारियुस खोंजी यांचं. त्याच वर्षी आलेल्या ‘सेव्हन’चा अंधारही त्यांनीच टिपला होता. वेशभूषा जाँ-पॉल गोतिए यांची, संगीत अँजेलो बादालामेंती यांचं. डॉमिनिक पिनों या एकाच नटानं सहा हुबेहूब क्लोन आणि त्यांचा मूळ माणूस अशा भूमिका केल्या. संगणकीय करामती बाल्यावस्थेत असताना एका चौकटीत एकाच नटाची इतकी रूपं बोलती-चालती दाखवणं हे मोठं धाडस होतं.

‘दिसतं छान, पण गोष्ट कळत नाही’ ही तक्रार मात्र जागोजाग भेटते. तिला आधारही आहे. समुद्रातल्या एका मनोऱ्यावर क्रांक राहतो. एका शास्त्रज्ञानं घडवलेल्या या माणसाला स्वप्नं पडत नाहीत आणि त्यामुळेच तो अकाली म्हातारा होत चालला आहे. एका आंधळ्या पंथाचे लोक यांत्रिक डोळ्यांच्या बदल्यात शहरातली मुलं पळवून त्याच्या हवाली करतात. पळवलेल्यांत देनरे नावाचा चिमुरडा आहे. त्याचा मानलेला भाऊ ‘वन’, सर्कशीतला पहिलवान, त्याला शोधत निघतो. त्याला साथ देते मिएत ही अनाथ, चोऱ्या करून जगणारी मुलगी. शिवाय शरीरानं एकमेकींना जोडलेल्या बहिणी, विषारी पिसवा पाळणारा माणूस आणि काचेच्या टाकीत ठेवलेला, अर्धशिशीनं हैराण झालेला बोलका मेंदू. दोन तासांच्या आत हे सगळं पेलताना प्रेक्षकाची दमछाक होते, हे मान्यच करायला हवं.

तरीही या गर्दीच्या तळाशी एक नियम आहे आणि तो अखेरपर्यंत कुठंही मोडत नाही. क्रांकला मुलांची स्वप्नं हवी आहेत, पण हाती लागतात ती फक्त दुःस्वप्नं. कारण मुलं त्यालाच घाबरलेली असतात. तो सांताचा वेश चढवतो, गातो, नाचतो, त्यांना हसवण्यासाठी जिवाचं रान करतो. मुलं अधिकच रडतात. घाबरत नाही तो एकटा देनरे, कारण त्याचं सगळं लक्ष खाण्यात आहे. बळानं उघडलेल्या मुलाच्या मनात मोठ्या माणसाला दिसतं ते त्याचं स्वतःचंच भेसूर रूप. एवढी स्पष्ट मांडणी असलेल्या चित्रपटाला पोकळ म्हणणं अन्यायाचं आहे.

‘बालपण इतकं काळं कशाला?’ या आक्षेपामागेही बळजोरीची एक सौम्य छटा आहे. मुलाचं स्वप्न म्हणजे ढग, परी, उडता घोडा असंच काहीतरी असायला हवं, ही मोठ्यांची हौस. डेव्हिड फूल्क्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं अनेक वर्षं मुलांना प्रयोगशाळेत झोपवून, मध्येच उठवून त्यांची स्वप्नं नोंदवली. शाळेत जाण्याआधीच्या वयाची मुलं उठवल्यावर फारच थोड्या वेळा स्वप्न सांगत. सांगितलंच तर ते छोटं, स्थिर चित्रासारखं असे, त्यात बहुधा एखादा प्राणी. गोष्ट असलेली, स्वप्न पाहणारं मूल स्वतः ज्यात वावरतं आहे अशी स्वप्नं वय वाढेल तशी येत गेली. या निष्कर्षांवर इतर संशोधकांचे आक्षेप आहेत. पण एवढं उघड आहे की मुलांच्या स्वप्नांचं जे रंगीत चित्र समाजात फिरतं, ते बव्हंशी मोठ्यांनी रंगवलेलं आहे. मुलाकडून गोड स्वप्नाचीच अपेक्षा धरून बसलेला प्रेक्षक आणि सांताच्या वेशातला क्रांक यांची मागणी एकच आहे.

या वाटेवरच्या इतर चित्रपटांनाही असेच दुभंगलेले प्रेक्षक मिळाले. गिलेर्मो देल तोरो यांचा ‘पॅन्स लॅबिरिंथ’ २००६ साली आला आणि त्याला तीन ऑस्कर मिळाले. १९४४ च्या, फ्रँकोच्या स्पेनमधल्या ओफेलिया या मुलीनं पाहिलेलं जग खरं की तिच्या मनाचा खेळ, यावर प्रेक्षक आजही भांडतात. टेरी गिलियम यांनी ‘टाइडलँड’ या २००५ च्या चित्रपटाला स्वतःच्याच निवेदनाची जोड दिली. हा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांना आवडणार नाही, असं ते त्यात आधीच सांगून टाकतात. तिन्ही चित्रपटांत मुलगी मध्यभागी आहे, तिच्याभोवती निष्ठुर किंवा नादान मोठी माणसं आहेत आणि तिची कल्पनाशक्ती हेच तिचं हत्यार आहे. प्रेक्षकांना अस्वस्थ करतात ती त्या मुलीभोवतीची माणसं. भुतं आणि राक्षस नंतर येतात.

एक आक्षेप मात्र झटकून टाकता येणार नाही. वन आणि मिएत यांच्यातली जवळीक पाहून कित्येक प्रेक्षक अवघडतात. वन झालेले रॉन पर्लमन तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते, मिएत झालेली ज्युदिथ व्हित्ते लहान मुलगी होती. वनची बुद्धी बालकाची आणि मिएत वयापेक्षा फार आधी मोठी झालेली, अशी उलटापालट लेखकांनी जाणूनबुजून केली आहे. तिचा भावार्थ कळतो. तरीही काही चौकटींत कॅमेरा मिएतकडे बाईसारखा पाहतो आणि तिथं दिग्दर्शकांचा तोल गेला आहे. हे बोलून दाखवणाऱ्या प्रेक्षकांना कला कळत नाही असं म्हणणारे चाहते चित्रपटाचं भलं करत नाहीत.

पण याच जोडीच्या वाट्याला चित्रपटातला सर्वांत सुंदर प्रसंगही आला आहे. पिसवेच्या विषानं भारलेला वन मिएतचाच गळा धरतो. तिच्या डोळ्यातून एक अश्रू उडतो, कोळ्याच्या जाळ्यावर पडतो आणि एकातून एक घटना घडत जाऊन शेवटी भलंमोठं जहाज धक्क्यावर येऊन आदळतं. मिएत वाचते. रडणाऱ्या मुलाच्या अश्रूनं शहर हलावं, असं ज्या लेखकांना सुचलं त्यांच्यावर मुलांविषयी बेफिकिरीचा आरोप टिकत नाही.

शिवाय भीती मुलांना परकी नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि पुढं वैभव मांगले यांनी रंगवली. ती रंगमंचावर आली की बालप्रेक्षक ओरडतात, खुर्चीत आक्रसतात आणि पुन्हा तिचीच वाट पाहतात. तिथं भीती मुलानं स्वतः मागून घेतलेली असते, शेजारी आईचा हात असतो आणि नको वाटलं तर डोळे मिटता येतात. क्रांकच्या यंत्राला जखडलेल्या मुलांना यातलं काहीच मिळत नाही. मागून घेतलेली भीती आणि लादलेली भीती यांतला फरक या चित्रपटाइतका ठळक फार थोड्या कलाकृतींनी दाखवला आहे.

अमेरिकेत या चित्रपटाला ‘आर’ प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलांना पालकांसोबतच प्रवेश. भारतात २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर यूए गटाचे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन टप्पे झाले आहेत. या मोजपट्टीवर तो तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांनी पालकांसोबत पाहावा असा आहे, त्याआधी नको. पालकांनी तो स्वतः आधी पाहावा, मिएत आणि वनच्या त्या चौकटींबद्दल मुलांशी मोकळेपणी बोलावं आणि चांगलं-वाईट ठरवण्याआधी मुलांना दोन प्रश्न विचारावेत. सगळ्यात जास्त भीती कुणाची वाटली? आणि क्रांकची दया आली का?