भावना भडकल्या, की कोणी भडकवल्या?

मराठी बातम्यांत एक वाक्य वर्षानुवर्षे टिकून आहे : 'सोशल मीडियावरील पोस्टमुळे भावना भडकल्या.' या वाक्यात भडकवणारा कोणीच नाही. भावना आपोआप भडकतात, दगड आपोआप सुटतात आणि माणूस आपोआप मरतो. मीडियाचा आपल्या रोजच्या जगण्यावर परिणाम होतो, हे मी नाकारत नाही. पण 'परिणाम' हा शब्द गुन्हा झाकायला वापरला जातो, तेव्हा गप्प बसणे मला शक्य नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला, तर सकाळच्या बैठकीत 'सिस्टिम गंडली' एवढे सांगून कोणी सुटत नाही. कोणता बदल केला, कोणी मंजूर केला, धोक्याची सूचना किती वाजता आली, ती कोणी पाहिली, सगळे लिहून द्यावे लागते. दोन तासांच्या नुकसानीसाठी एवढी चौकशी होते. माणूस मारला गेला की मात्र 'सोशल मीडियाचा दुष्परिणाम' या शब्दांवर फाइल बंद होते.

आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्या. २०१४ च्या मे महिन्याच्या अखेरीस छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर फिरली आणि शहरात तणाव पसरला. २ जूनच्या रात्री हडपसरमध्ये नमाज पढून घरी परतणाऱ्या मोहसीन शेख या सोलापूरच्या तरुणाला जमावाने मारून टाकले. तो आयटीत नोकरी करत होता. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. जमावाला त्याची दाढी आणि टोपी पुरली.

जानेवारी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन आरोपींना जामीन दिला. मृताशी त्यांचे वैयक्तिक वैर नव्हते, तो दुसऱ्या धर्माचा होता एवढाच त्याचा दोष, आणि धर्माच्या नावाने त्यांना चिथावले गेले असे दिसते, या गोष्टी आदेशात आरोपींच्या बाजूने धरल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये तो आदेश रद्द केला, हे बरेच झाले. पण 'भावना भडकल्या' हे वाक्य कुठवर पोहोचू शकते, ते त्या आदेशाने दाखवून दिले. चिथावणी हा शोधायचा धागा आहे. इथे ती सवलत ठरली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने सर्व आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. म्हणजे साडेआठ वर्षांनंतरही मोहसीनला कोणी मारले, या प्रश्नाची जागा कायद्याच्या कागदावर कोरीच राहिली.

कोणी म्हणेल, तंत्रज्ञानच असे आहे, त्याला कोण काय करणार? हे खोटे आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना गावकऱ्यांनी ठेचून मारले. भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती ती. मुले पळवल्याच्या अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फॉरवर्ड झालेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले, आणि अशा मजकुराचा प्रसार ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. माझ्यासारख्या माणसाला याचा अर्थ चटकन कळतो. तो आकडा बदलणे हे काही दिवसांचे काम होते. ते आधी करता येत होते. एक मेसेज किती लोकांना पाठवता यावा, हे कोणीतरी कार्यालयात बसून ठरवलेले असते.

सिनेमाचेही तेच. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी 'छावा' प्रदर्शित झाला. त्यात बुऱ्हाणपूरच्या खजिन्याचा उल्लेख पाहून तिथल्या असीरगड किल्ल्याजवळ लोक रात्री मोबाइलच्या उजेडात शेते खणू लागले. सिनेमाचा परिणाम म्हणायचा तर हा अस्सल परिणाम. हसू येते, पण त्यात कोणाचे डोके फुटले नाही. १७ मार्चला नागपुरात दंगल झाली, त्यात जखमी झालेल्या एकाचा पुढे मृत्यू झाला. मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले की, 'छावा'मुळे औरंगजेबाविरुद्धचा लोकांचा राग पुन्हा जागा झाला. पण तोच सिनेमा लाखो लोकांनी पाहिला आणि ते गुपचूप घरी जाऊन जेवले. सिनेमागृह आणि दंगल यांच्यामध्ये कबर हटवण्याचे आंदोलन होते, प्रतिकात्मक कबर जाळणे होते, त्यानंतर पसरलेली अफवा होती. या प्रत्येक पायरीवर नाव-गाव असलेली माणसे उभी होती. म्हणून मला सिनेमावर बंदी नको. मला त्या पायऱ्यांचा हिशेब हवा.

हा हिशेब फक्त समोरच्यांकडे मागून चालणार नाही. नागपुरात जी अफवा पसरली ती आपल्याच वस्त्यांत पसरली : आयत लिहिलेली चादर जाळली, अशी. खातरजमा किती जणांनी केली? बातमी आली की आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कोणाचे तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल, हा अर्थ सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत स्पष्ट आहे. तिथे रागाची सवलत नाही. शुक्रवारच्या बयानात 'मोबाइलने पोरे बिघडवली' असे ऐकून आपण मान डोलावतो, तेव्हा आपणही तेच कर्ता नसलेले वाक्य बोलत असतो. मोबाइल बिघडवत नाही. अंगठा आपला असतो.

म्हणून दोन कामे. पहिले घरातले. अपमान करणारी चित्रफीत 'निषेध म्हणून' सुद्धा पुढे पाठवायची नाही, कारण पोहोचवण्याचे काम निषेधही तितकेच चोख करतो. स्क्रीनशॉट, लिंक, तारीख आणि वेळ जपून ठेवायची आणि लेखी तक्रार देऊन पोच घ्यायची.

दुसरे काम सरकारदरबारी. राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात आदेश दिला : जमावाची हिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा नोडल अधिकारी नेमा, आणि भडकाऊ मजकूर पसरवणाऱ्यांवर गुन्हे नोंदवा. पुण्यात हा अधिकारी कोण आहे? त्याने गेल्या वर्षभरात किती बैठका घेतल्या, किती गुन्हे नोंदवले? माहितीच्या अधिकारात हे विचारायला दहा रुपये लागतात. प्रत्येक मोहल्ल्यातून असा एक अर्ज गेला पाहिजे. उत्तर आले नाही तर अपील गेले पाहिजे. आणि पुढच्या वेळी एखादा नेता किंवा वार्ताहर 'भावना भडकल्या' म्हणाला, की तिथल्या तिथे विचारायचे : कोणी भडकवल्या, साहेब? नाव सांगा.