शुगरच्या गोळीसोबत कारलं, गुडमार, गुळवेल चालतं का? आधी डॉक्टरांना सांगा!

सकाळी कारल्याचा रस, नाश्त्यानंतर मेटफॉर्मिन, रात्री जांभूळबियांची पावडर. अनेक मधुमेही रुग्णांचं वेळापत्रक असंच असतं. यातली फक्त गोळी डॉक्टरांना माहीत असते. ‘झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार?’ असं म्हणून बाकीचं सांगितलंच जात नाही. माझ्या मते खरा धोका वनस्पतींपेक्षा या लपवाछपवीत आहे. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण आहेत. म्हणजे प्रश्न घरोघरचा आहे.

वनस्पतींमध्ये खरंच दम असतो का?

असतो. मेटफॉर्मिनचंच मूळ बघा. युरोपात गॅलेगा ऑफिसिनॅलिस ही वनस्पती पूर्वीपासून औषधात वापरली जायची. तिच्यातल्या घटकाने साखर उतरायची, पण तो विषारी होता. त्याच जातकुळीतलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ मध्ये फ्रेंच डॉक्टर जाँ स्टर्न यांनी मधुमेही रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले. आपल्याकडे सीएसआयआरच्या लखनौमधल्या दोन संस्थांनी दारुहळद, गुळवेल, बिबळा, गुडमार, मेथी यांपासून ‘बीजीआर-३४’ विकसित केलं.

मग पुरावा कुठे कमी पडतो?

आयसीएमआरने बिबळ्यावर केलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. निकाल आशादायक, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे श्रेय बिबळ्याचं किती आणि पथ्याचं किती, हे सांगता येत नाही. कारल्याबद्दल उपलब्ध पुरावा पुरेसा नाही, असं कॉक्रेनच्या २०१२ च्या आढाव्याने म्हटलं.

दोन्ही एकत्र घेतल्यावर काय होतं?

अर्काने काम केलं, तर परिणामांची बेरीज होते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. तिचा डोस डॉक्टरांनी तुमचा रिपोर्ट बघून ठरवलेला असतो. त्यावर अर्काची भर पडली, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं. दुर्लक्ष झालं तर शुद्धही हरपते. एकट्या मेटफॉर्मिनने हा धोका कमी असतो, ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिनसोबत जास्त.

दुसरी गोम रिपोर्टमध्ये आहे. रसामुळे साखर उतरली आणि डॉक्टरांना वाटलं गोळी पुरते, तर रस बंद झाल्यावर साखर पुन्हा चढणार आणि कारण कुणालाच कळणार नाही.

यकृताचाही विचार हवा. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद काहीही असो, यकृताचा त्रास असलेल्यांनी स्वतःच्या मनाने प्रयोग करू नये.

तुम्ही काय कराल?

• अर्क, काढा, पावडर यांची नावं आणि प्रमाण डॉक्टर व वैद्य दोघांनाही सांगा. पुडी किंवा बाटली सोबत न्या.
• अर्क सुरू किंवा बंद करताना घरी साखर जास्त वेळा तपासा.
• साखर ७० च्या खाली गेली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा.
• गोळी किंवा इन्सुलिन परस्पर बंद करू नका.
• ‘मधुमेह मुळापासून बरा’ ही जाहिरात दिसली की सावध व्हा. १९५४ च्या कायद्यानुसार असा दावा करणारी जाहिरातच बेकायदा आहे.

जबाबदारी एकट्या रुग्णाची नाही. काढ्याचं नाव काढताच ओरडा बसणार असेल, तर पुढच्या वेळी रुग्ण गप्पच बसेल. ‘आणखी काय घेता?’ हा प्रश्न प्रत्येक तपासणीत, न रागावता विचारला गेला पाहिजे. आणि अर्क विकणाऱ्यांनी कोणत्या गोळीसोबत काळजी घ्यायची, हे बाटलीवर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात छापावं. औषध म्हणून विकता, तर इशाराही औषधासारखाच द्या.