मोहाचा पहिला द्रोण

गेल्या नोव्हेंबरात हैदराबादेतील एका मोठ्या हॉटेलात फ्रान्सच्या नव्या मद्याच्या सोहळ्यास जाण्याचा योग आला. भाच्याचा आग्रह मोडवेना म्हणून गेलो. एरवी आमच्यासारख्याचे तेथे काय काम! ल्याँ शहराच्या उत्तरेस बोजोले नावाचा प्रांत आहे. तेथील गामे जातीच्या द्राक्षांचे त्या वर्षीचे मद्य सहा-आठ आठवड्यांतच पिण्याजोगे होते. १९५१ साली फ्रेंच सरकारने ते इतर मद्यांच्या आधी विकण्याची मुभा दिली आणि १९८५पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार हा त्याचा दिवस ठरून गेला. आदल्या रात्री बोज्यो गावी लोक मशाली घेऊन जमतात आणि बाराच्या ठोक्याला पिपे उघडतात. हॉटेलातील मंडळी हे सारे मोठ्या कौतुकाने सांगत होती. मद्य हलके, किंचित आंबट होते. शेतकऱ्याच्या कष्टाचे पहिले फळ चार माणसांनी एकत्र बसून चाखावे यात गैर ते काय, असेच मलाही वाटले.

पुढे फाल्गुनाच्या अखेरीस आदिलाबादेस जाणे झाले. आमचे तेथील जुने घर विकावयाचे होते. माळ्यावरच्या पेटीत आजोबांच्या मोडीतल्या वह्या सापडल्या. आजोबांची तेथे आडत होती. एका वहीत चैत्र-वैशाखाच्या पानांवर पुन्हा पुन्हा एकच नोंद होती : मोहफूल चार पायल्या जमा, मीठ एक पायली नावे. हे मोहफूल पुढे आबकारीच्या गुत्तेदाराकडे जाई. निजामी राज्यात हा गुत्ता लिलावाने दिला जात असे. म्हणजे ज्या गोंडाने फूल वेचले त्यानेच ते गुत्तेदाराच्या दुकानी पैसे मोजून प्यावयाचे, आणि घरी भट्टी लावली तर गुन्हेगार ठरावयाचे! आजोबा पापभीरू गृहस्थ होते. एकादशी त्यांनी कधी मोडली नाही. या हिशेबात काही वावगे आहे असे त्यांस वाटले नसावे, आणि परवापर्यंत मलाही ते ठाऊक नव्हते.

ओळखीचे एक परधान गुरुजी मला उटनूरकडच्या एका गोंड खेड्यात घेऊन गेले. परधान हे गोंडांचे कुलगायक. किंगरीवर त्यांच्या देवांच्या कथा गाणारे. आदिलाबादेत त्यांची घरची बोली मराठी आहे, हे आपल्यापैकी कित्येकांस ठाऊक नसते. १९५६ साली किनवट व राजुरा हे भाग या जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात गेले. भाषा मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंस राहिली.

आम्ही पोहोचलो तेव्हा पुरते उजाडले नव्हते. मोहाची पाने गळून गेलेली, फांद्यांच्या टोकाला फुलांचे घोस. खालचा पाचोळा जाळून जागा स्वच्छ केलेली. पहाटवाऱ्याबरोबर फिकट, रसाळ फुले टपटप पडत होती आणि बायका-मुले ती टोपल्यांत वेचीत होती. अस्वलाला या फुलांची फार आवड, म्हणून कुणी एकटे जात नाही. तेलुगू माणूस यालाच इप्पपुव्वु म्हणतो. हे फूल वाळवून वर्षभर टिकते, भाकरीत पडते, टंचाईत पोट भरते. त्याच्या बियांचे तेल निघते. दारू हा त्याचा एक उपयोग झाला, तेवढाच नव्हे.

घरी परतल्यावर वृद्ध पटेलांनी मला विचारले, “तुम्ही कोणाचे?” मी आजोबांचे नाव सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझा आजा तुमच्या आजाकडं मोह घालायचा.” त्यात तक्रारीचा सूर नव्हता. आठ-दहा दिवसांपूर्वी वेचलेल्या फुलांची पहिली धार त्यांनी पानाच्या द्रोणात घेतली, देवाच्या आणि पूर्वजांच्या नावाने चार थेंब भुईवर सोडले आणि द्रोण माझ्या हाती दिला. हॉटेलातला पेला मी सहज रिकामा केला होता. हा द्रोण धरताना हात कापला. तरी घेतला. नाकारण्याचा अधिकार मला नव्हता.

तेव्हापासून मनात आहे ते स्पष्ट लिहितो. ल्याँकडच्या कुणब्याची पहिली धार सण ठरते आणि आदिलाबादच्या गोंडाची गुन्हा, याचे मूळ दारूत नसून वसुलीत आहे. मुंबई सरकारने १८९२ साली खास कायदा करून ठाणे-कुलाब्याकडे मोहफूल बाळगण्यावरच बंधने घातली. ज्या मधूकाची दूर्वांसह गुंफलेली माळ कालिदासाने रघुवंशात इंदुमतीच्या हाती दिली, ते फूल घरी ठेवणे सरकारी परवान्याचा विषय झाले! महाराष्ट्राने आपल्याकडील बंधने २०२१ साली सैल केली. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूस वारशाचा मान दिला.

परंतु दारूचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच हेतू नाही. त्याच घरातील सूनबाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “देवाची चार थेंब ठीक आहे. बाकीचं आमच्याच पाठीवर निघतं.” हे ऐकून न ऐकल्यासारखे करणाऱ्याने आदिवासी संस्कृतीवर भाषणे देऊ नयेत. उटनूरच्या भीमबाई आदिवासी महिला सहकारी संघाने याच फुलांचे लाडू करून दाखविले आहेत. टोपली कोणाच्या हाती आहे यावर फुलाचे काय व्हावयाचे ते ठरते.

१९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांत गौण वनोपजाची मालकी आणि मद्यावरील नियंत्रण, दोन्ही ग्रामसभा व पंचायतीकडे सोपविण्यास सांगितले. २००६च्या वनहक्क कायद्याने वेचणाऱ्याचा हक्क पुन्हा मान्य केला. तेव्हा नवा कायदा मागण्याची गरज नाही. देवापुढची धार राहू द्यावी की नाही, गावात दुकान असावे की नाही, हे त्या गावाने, आणि त्यातही बायकांना बोलू देऊन, ठरवावे. फुलाला भाव रोख मिळावा, आणि तोलणारा काटा वेचणाऱ्यांचा असावा.

आपल्यापैकी अनेक घरांत अशा वह्या असतील. घर विकले की त्या रद्दीत जातात. मी आमची वही रद्दीत घातली नाही. नोंदी बाळबोधीत उतरवून काढीत आहे. पुढल्या चैत्रात त्या पटेलांच्या नातवास नेऊन देणार आहे. त्यांचे त्याने काय करावे ते तोच ठरवील.